पुढचं मी सांगते

आई, काल दुपारी टीव्हीवर तो नावाड्याचा सिनेमा लागला आणि मला पुन्हा तुझा राग आला. भांडायला तू समोर नाहीस, याचा तर जास्तच आला.

सातपूरच्या घरात असताना तो जुना, कृष्णधवल सिनेमा दूरदर्शनवर दोन-तीनदा तरी लागला असेल. रविवारची संध्याकाळ, बाबा शिफ्टवरून येऊन पलंगावर आडवे झालेले, तू मेथी निवडत बसलेली. नावाड्याची पोर लग्न होऊन बापाच्याच नावेतून पलीकडे जाते, उतरते, बाप नाव मागे वळवतो आणि ती काठावरून हात हलवते. तेवढ्यात तू उठतेस आणि टीव्ही बंद करतेस. "संपला. चला, ताटं घ्या." बाबा गालातल्या गालात हसतात. मला कितीतरी वर्षं वाटायचं, सिनेमा तिथेच संपतो.

पुस्तकांचंही तेच. गंगापूर रोडच्या वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तकं आणायचीस आणि शेवटची पानं आधी स्वतः वाचायचीस, ओट्याशी उभी राहून, कुकरच्या शिट्ट्यांकडे साफ दुर्लक्ष करून. शेवट वाईट निघाला की बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून ती पानं एकत्र टोचून टाकायचीस. "इथपर्यंत वाच. पुढचं मी सांगते." वाचनालयातले काका एकदा वैतागले. "वहिनी, पुस्तकाला भोकं पाडता होय? बाकीच्यांनी वाचायचं कसं?" तू जराही वरमली नाहीस. "पोरीच्या काळजाला पडण्यापेक्षा पुस्तकाला पडलेली बरी, भाऊ." मी शेजारी कानकोंडी होऊन उभी. पिन काढून वाचणं काही अवघड नव्हतं. पण भाकरी थापता थापता तू सांगितलेला शेवट इतका झकास असायचा, की मला ती काढावीशीच वाटली नाही. तुझ्या शेवटात हरवलेले सापडायचे, आजारी उठून बसायचे आणि सगळे मिळून जेवायचे. वाचनाचं वेड तूच लावलंस, ते मी नाकारत नाही. पण अर्धंच लावलंस.

पुण्याला हॉस्टेलवर मुलींनी त्या सिनेमाची सीडी आणली. पोर हात हलवते तिथे मी "संपला" म्हणत उठले आणि दिवा लावला. सगळ्या माझ्यावर ओरडल्या. मग पूर आला, नाव उलटली, बाप बुडाला, आणि सासरी पोरीला कितीतरी दिवस कुणी सांगितलंच नाही. मैत्रिणी मला हसत होत्या आणि मला हुंदके आवरत नव्हते. एसटीडी बूथवरून तुला फोन केला आणि ओरडले, "खोटारडी आहेस तू!" तू शांतपणे म्हणालीस, "कळलं ना आता? मग झालं. जेवलीस का?"

तुझा आवाज तेव्हाच बारीक झाला होता. विचारलं तर म्हणायचीस, "जरा अशक्तपणा आहे गं. तू परीक्षेचं बघ." शेवटच्या वर्षाचे पेपर संपले त्या दिवशी मामा हॉस्टेलच्या गेटवर उभा. "ताईला बरं नाही, चल," एवढंच म्हणाला. सिन्नर गेल्यावर एसटीत त्याने माझा हात धरला आणि सांगितलं, की तू सकाळीच गेलीस. दुखणं काही महिन्यांचं होतं, बाबांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. "तिनं शपथ घातली होती गं. पोरीचे पेपर होऊ देत म्हणाली."

मला तुझ्या उशाशी बसायचं होतं, आई. तुझे केस विंचरायचे होते, चमच्याने पाणी पाजायचं होतं, तुझ्यासमोर रडायचं होतं. ते माझ्या हक्काचं होतं. मला काय झेपेल आणि काय नाही, हे ठरवणारी तू कोण? ती पदवी घेऊन काय करू मी? आजही घरात कुणी आजारी पडलं की माझे पाय दवाखान्याच्या पायरीवरच अडतात. आजारी माणसाजवळ बसायचं कसं असतं, हे मला तुझ्याजवळ बसूनच शिकता आलं असतं.

काल मी माझ्या लेकीला तो सिनेमा पूर्ण दाखवला. मुद्दाम. रिमोट मांडीखाली घेऊन बसले. ती ढसाढसा रडली, आणि मग फ्रॉकला डोळे पुसत तिने विचारलं, "आई, आजी गेली तेव्हा तू तिच्याजवळ होतीस?"

मी "हो" म्हणाले. तेवढ्यावर थांबलेही नाही. शेवटपर्यंत तिचा हात धरून बसले होते, असंही सांगितलं. तिचा चेहरा निवळला आणि ती खेळायला पळाली.

हा कागद घरात ठेवता यायचा नाही. पोरगी हाताला लागेल ते वाचते, म्हणून लिहून झाला की फाडून टाकेन. पण खोटं सांगताना मला फार बरं वाटलं, आई. इतकं बरं वाटतं, हे तरी सांगायचं होतंस.