ऐंशी वर्षांची खिटी

४ फेब्रुवारी

आणि दादा म्हणतो मी कुठे टिकत नाही. अरे, टिकण्यासारखी जागा तर मिळायला हवी! बेकरीत भट्टीने पाठ भाजून निघाली, टायरच्या दुकानात मालकाने पगाराऐवजी जुना टायर पुढे केला, गोदामात तर उंदीर माझ्यापेक्षा पोटभर जेवायचे. यात माझं काय चुकलं ते एकदा सांग म्हणावं. निघताना सगळ्यांच्या देखत ही वही हातात कोंबली. म्हणाला, रोज लिही, म्हणजे पुढच्या वेळी पळून आलास की कारण तरी वाचायला मिळेल. मग लिहितो. मुद्दाम लिहितो.

जागा झकास आहे. लांब कारखाना, वर पत्रा, मागे राहायला खोली, खोलीत पंखा. कामसुद्धा गमतीचं. नवी पितळेची खिटी, मूठ, बिजागरी यायची आणि ती जुनी दिसेल असं करायचं. लोक नव्या घराला जुनं सामान लावतात आणि त्याला जास्त पैसे मोजतात. मालक हसून म्हणाले, तू घासून नवं करणारे पाहिले असशील, आपलं दुकान उलटं चालतं. मला आवडला माणूस.

चिमणीचं लग्न तीस एप्रिलला. धाकट्या बहिणीचं लग्न आहे, सुट्टी मागूनच घेतली आधी. मालक हो म्हणाले.

९ फेब्रुवारी

काम हाताला बसलं. आधी थिनरने नव्या खिटीवरचं चकचकीत रोगण काढायचं. मग साबणाने धुवायची आणि हातमोजे घालूनच धरायची. उघडं बोट लागलं की घामाचा डाग बसतो आणि तेवढ्या जागी रंग धरत नाही. मग दोऱ्याला बांधून पिंपात टांगायची. पिंपाच्या तळाशी वाटीत अमोनिया, वर घट्ट झाकण. झाकण काढलं की डोळ्यातून अशा धारा, जसं कुणी घरचं गेलंय. सकाळी टांगलेली पिवळीधमक खिटी दुपारपर्यंत चहाच्या रंगाची होते. वर मेण चोळलं की झालं.

सोबत एक म्हातारा आहे. सगळे आजोबाच म्हणतात, मीही म्हणतो. पुढचे चार दात नाहीत, पण जीभ धारदार. मी झाकण उघडताना तोंड फिरवतो म्हणून मला नवरी म्हणतो.

२२ फेब्रुवारी

आज कळलं की पिंपातून निघालेला माल अर्धाच असतो. रंग धुराने येतो, झीज येत नाही. रोज कुणीतरी अंगठ्याने सरकवलेल्या खिटीला एक खळगा पडतो, गुळगुळीत, आतून उजळ. बाकीचे लोक तो मशीनवर घासून पाडतात आणि जाणकार गिऱ्हाईक लगेच ओळखतं. आपल्याकडे तो हाताने पडतो. आतल्या खोलीत.

आतली खोली म्हणजे कारखान्याच्या टोकाला, बिनखिडकीची. एक बाक, एक दिवा, जाड लाकडी दार. दाराला आतून पितळेची खिटी आहे, आणि अशी खिटी मी जन्मात पाहिली नाही. पाण्यासारखी गुळगुळीत, कडा विरघळल्यासारख्या. मालक म्हणाले, इथे काम केलेल्या सगळ्यांचे हात फिरलेत तिच्यावर.

आजोबाला विचारलं आत काय करतात. म्हणाला, बसतात.

६ मार्च

एका व्यापाऱ्याकडून मोठी ऑर्डर आली. एका हॉटेलच्या चोवीस खोल्यांना चोवीस सरकत्या खिट्या, प्रत्येक ऐंशी वर्षांची दिसली पाहिजे. आत बसायला आजोबा नको म्हणाला, म्हणून मालकांनी मला विचारलं. पगार वेगळा आणि खिटीमागे चारशे वर, सगळे ऑर्डर पुरी झाल्यावर. मी उडी मारून हो म्हटलं. चिमणीला काहीतरी स्वतःच्या हाताने द्यायचं आहे, दादाच्या पैशातलं नाही.

आत हातमोजे काढून ठेवायचे. बाकावर खिळवलेली खिटी उघड्या अंगठ्याने पुढे-मागे सरकवत राहायची. दार लावून. तासाभरात खळगा पडला. खरंच पडला! पितळ एवढं मऊ नसतं, पण पडला. फक्त बाहेर आलो तेव्हा कंबर धरली होती.

१९ मार्च

अकरा खिट्या झाल्या. मालक खूश आहेत, म्हणतात तुझा हात चांगला लागतो.

अंगठ्याची कातडी सैल पडली आहे. चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. अमोनियाने होत असेल. आरशात कानाजवळ पांढरे केस दिसले. दादालाही लवकर पिकले होते, आमच्या घराण्यातच आहे.

रात्री झोप चांगली लागते. पूर्वी कधी लागायची नाही.

२ एप्रिल

वीस झाल्या. आज दुपारी चिमणीने फोन केला, चेहरा दिसतो तसला. साडी दाखवायची होती. मी फोन समोर धरला. ती हसत होती, ती थांबली. मग जरा पदर सावरून, अदबीने म्हणाली,

"काका, हा माझ्या भावाचा फोन आहे ना? त्याला जरा देता का?"

मी फोन बंद केला.

नंतर आवाज बदलायचा प्रयत्न करून परत लावला, चेहरा न दाखवता. तिने विचारलं सर्दी झाली का. हो म्हटलं.

५ एप्रिल

तेवीस. आता एकच राहिली.

आजोबाला पकडलं. आधी नवरी, नवरी करून टाळलं. मी त्याच्यापुढे माझे हात धरले. मग बसला आणि बराच वेळ मेणाचा डबा पुसत राहिला.

"मी एकोणतीसचा आहे," म्हणाला. "तुझ्याहून चार वर्षांनी मोठा. दादा म्हणालास तरी चालेल."

मग सांगितलं. पितळेला ऐंशी वर्षं हवी असतील तर वर्षं कुठून तरी यायला लागतात. सगळी आपल्याकडून घेत नाही, एका खिटीला वर्ष-सव्वा वर्ष. बाकीची कुठून घेते देव जाणे. त्याने एकेचाळीस केल्या. घरी बायको आहे. दोन वर्षांपूर्वी गेला होता, तिने पाणी दिलं आणि विचारलं, कुणाकडे आलात. परत फिरला. इथे निदान कुणी विचारत नाही.

मला आधी का नाही सांगितलंस म्हटलं. तो म्हणाला, मग मला बसावं लागलं असतं.

९ एप्रिल

जातो इथून. अजून चेहरा लग्नात मामा म्हणून तरी खपेल.

पण ऑर्डर पुरी झाल्याशिवाय मालक एक पैसा देत नाहीत, आणि चोविसावी खिटी बिघडली. पिंपातून काढली तर मधोमध पिवळा डाग, अंगठ्याच्या रेघांसकट. माझाच अंगठा. घाईत हातमोजा न घालता धरली असणार. आता दुसरी रंगवायची आणि तिच्यासाठी परत आत बसायचं. नाही बसणार. एक दिवससुद्धा देणार नाही.

१० एप्रिल

अक्कल चालवली. आतल्या खोलीच्या दारावरची जुनी खिटी स्क्रू काढून उतरवली आणि पेटीत चोविसावी म्हणून ठेवली. मापाला सारखीच आहे. मालकांनी उजेडात धरून पाहिली, वाहवा केली. दुपारी गाडी माल घेऊन गेली. पैसे उद्या.

त्या दाराला उद्या सकाळी एक नवीकोरी खिटी बसवून देतो. कुणाला कळायचं नाही.

११ एप्रिल

मी आत आहे.

खिटी बसवली. बसवल्यावर दार लावून बघायचं, खिटीची जीभ बरोबर खोबणीत जाते की नाही, ही हाताची सवय. आतून लावलं. जीभ गेली, खट्ट. ती आता मागे येत नाही.

स्क्रूही फिरत नाहीत. पेचकस वाकला. लाथा मारल्या, दाराला कळलंसुद्धा नाही. वही शर्टाच्या खिशात होती, फोन बाहेर खुंटीवर टांगलेल्या पँटमध्ये.

आजोबा आला, मालक आले. बाहेरून पहार लावून पाहिली. मग मालकांनी विचारलं जुनी खिटी कुठे आहे. मी सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, हे दार नव्या खिटीने उघडत नाही, ती आधी जुनी व्हावी लागते. कुठल्या हॉटेलात माल गेला हे व्यापारी सांगणार नाही, तरी विचारतो. तोवर सरकवत राहा.

१२ एप्रिल

नाही सरकवणार.

फटीतून आजोबा पाणी घालतो, चपट्या बाटलीने. आज नवरी म्हणाला नाही.

१५ किंवा १६

सरकवतोय. केसभर हलते. फक्त केसभर, पण हलते. अंगठ्याखाली थोडं उजळलंय — दात एक पडला, दुखला नाही —

जुनीवर किती जणांचे हात होते? मालक मोजत नाहीत म्हणाले. आजोबा म्हणाला, बरेच.

नंतर

मोठी अक्षरं काढतोय, बारीक दिसत नाही. बोटभर सरकते आता. खळगा आला. सुंदर आला, खरं सांगतो. थांबलो तर कोपऱ्यातून परत पिवळी व्हायला लागते —

आजोबाला म्हटलं, तू बस थोडा वेळ, बाहेरून. म्हणाला, बाहेरून खिटी नाही.

चिमणी रोज फोन करते म्हणे. त्याने सांगितलं कामात आहे.

नंतर

तीस झाली का तारीख — आजोबा सांगत नाही —

अर्धी उघडली. अर्धीच. हात उचलत नाही, दुसऱ्या हाताने धरून ठेवतो वर —

मालकांनी पैसे फटीतून आत दिले. शब्दाला पक्का माणूस. आजोबाकडे परत सरकवले, दादाला पाठव म्हटलं, चिमणीच्या नावाने. ती चोविसावी माझ्या हातची नाही, तिचे चारशे काढून ठेवले. तेवीस खिट्यांचे, दादा, नीट मोजून घे, नऊ हजार दोनशे —