उघड्या तारेला टेप

बाबा, तुमची मोठी लेक लिहायलीय. चौथीपुरतंच शिकले, अक्षर वाकडं हाय, सांभाळून घ्या. आज मी माझ्या हातानं लायटी जोडल्या. एक न्हाई, अकरा! तुमाला जाऊन लय वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

नात हाय मला, परभणीत इंजिनियरिंग शिकते. तिनं आमच्या झरी गावच्या घरी प्लायवूडचं माणसाएवढं कपाट उभं केलंय, खेळाचं. वर जुना टीव्ही, खाली एक दांडी अन् बारा रंगीत बटणं. बटणात दिवा असतो, अन् ते दाबलं की टीव्हीतला माणूस उडी मारतो. असल्याच डब्यापायी माझा पोरगा शाळा बुडवायचा, आता तोच लेकीला फळ्या कापून देतो. असो, कुठं चालले मी. तर बटणांच्या तारा जोडायच्या राहिल्या होत्या. मी म्हणलं, "मला दे." पोरगा हसला, "माय, घर पेटवशील बरं." नात म्हणाली, "पप्पा, गप बसा. एवढ्याशा करंटानं मुंगीबी मरत न्हाई. आजी, बस खाली."

बाबा, ताडकळसच्या लग्नात तुमी मांडवावर लायटीच्या माळा बांधायलाव, मी खाली शिडी धरून. सुटलेली एक तार मी उचलते, अन् तुमी वरून ओरडता, "सोड ती! पोरीचं काम न्हाई ते!" सगळ्या वऱ्हाडासमोर. रडू आलं, पण शिडी न्हाई सोडली मी. तवापासून मनात होतं, एकदा तरी जोडून बघायचं. तुमी हाताखालच्या गड्याला सांगायचात, उघडी तार दिसली की टेप मार. ते मी कान देऊन ऐकायची.

नातीनं एक बटण करून दाखवलं. तारेचं टोक सोलायचं, बारक्या पितळी चिमटीत घालून पकडीनं दाबायचं, मग बटणाला खोचायचं. बाकीची अकरा मी केली, चष्मा पुसून पुसून. वीज दिली, तर तिचं एकटंच लागलं! पोरगा मिशीत हसला. नातीनं आत डोकावलं अन् कपाळाला हात लावला. "आजी, सोललेल्या टोकाला टेप गुंडाळलास?"

"मग उघडं तांबं तसंच ठेवू?"

"अगं, ते चिमटीला टेकलं तरच वीज जाईल ना!"

वाटलं, आता काढून घेती हातातून. न्हाई घेतलं. नव्या चिमट्या माझ्याकडं सरकवल्या अन् चहा ठेवायला गेली. मी एकेक टेप सोडवला. पहिलं उघडं तांबं बोटानं पिळताना तुमचा आवाज कानात आला, "सोड ती!" दुसऱ्याला न्हाई. मग लाल, पिवळी, हिरवी, सगळी लागली. पोरगाच ओरडला, "माय, लागली की गं!"

सांजच्याला शेजारणी बघायला आल्या. एक म्हणाली, "कुठं शिकलीस गं बाई हे?" मी म्हणलं, "बापानं शिकवलं. मांडवात जवळ बसवून."

बाबा, हे पत्र काई टपालात जायचं न्हाई, म्हणून कबूल करते, खोटं बोलले. पण बोलताना लय बरं वाटलं. उद्या कुणी विचारलं, तर तसंच सांगणार हाय.