सर्वानुमते मंजूर

बाई, आरमोरीच्या शाळेत तुमचा नागरिकशास्त्राचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा, म्हणजे अर्धा वर्ग भात खाऊन पेंगत असायचा. राज्याचे घटक चार : लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. पाढ्यासारखं म्हणायचो आम्ही. एकदा तुम्ही विचारलंत, शासन म्हणजे कोण? मी ताडकन उठून सांगितलं, तहसीलदार. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तो नोकर हाये वो पोरी. मालक कोन, ते घरी बापाले इचारून ये." माझा बाप राइस मिलवर हमाल. तो म्हणाला, "मालक म्हंजे मिलवाला, आनखी कोन?" दुसऱ्या दिवशी मी तेच उत्तर दिलं आणि तुम्ही मला तासभर उभं ठेवलंत. फार राग आला होता तुमचा.

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मी ग्रामसेविका झाले, म्हणजे तुम्ही सांगितलेला नोकरच. तीन वर्षांपासून माझ्याकडे जंगलातलं एक गोंड गाव आहे आणि तिथल्या ग्रामसभेची सचिव मीच. तुमच्या पुस्तकात बहुमत होतं. या गावात हात वर करायची पद्धत नाही. लोक बसतात, बोलतात, गप्प राहतात, तंबाखू मळतात, पुन्हा बोलतात. सगळ्यांना पटलं की ठराव झाला. एखादं माणूस मध्येच उठून गेलं, की विषय तिथेच थांबतो आणि आठ दिवसांनी पुन्हा बसायचं. फार वेळखाऊ प्रकार आहे, आणि मला त्याचा कंटाळा येतो, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात विषय होता गावाच्या जंगलातल्या टेकडीचा. ती गिट्टीच्या खाणीला द्यायची का? ठेकेदार रस्ता करून देणार होता, त्यामुळे तरुण मंडळी खूश. एक म्हातारी म्हणाली, "टेकडी फोडसान त बोडीत पानी कुठून येईन?" बोडी म्हणजे त्यांच्या धानाला पाणी देणारं तळं. कोणी धड उत्तर दिलं नाही. ती पदर झटकून उठली आणि घरी गेली. मी दोनदा विचारलं, कोणाचा विरोध आहे का? सगळे गप्प. मी प्रोसिडिंग बुकात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर', खाली सही, शिक्का. घोडं गंगेत न्हालं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, ते नेमकं तेव्हा खोटं ठरलं. पंधरा दिवसांत टेकडीवर चुन्याच्या रेघा पडल्या.

मग गाव माझ्या ऑफिसात आलं. म्हातारी सगळ्यांच्या मागे उभी. गावपाटील म्हणाला, "बाई, ठराव कुठी झाला? बुढी उठून गेली ना."

मी म्हटलं, विरोध तर कोणी केला नाही.

"उठून गेली, आनखी काय करन? तुमाले मालूम नोहोतं वाटते."

त्यानेच मला वाट काढून दिली. मी वर पत्र पाठवलं : गावाची पद्धत माहीत नसल्याने नोंद चुकली, ठराव झालेला नाही. कारणे दाखवा नोटीस आली, तिलाही तेच उत्तर दिलं. काम थांबलं. आता विषय पुन्हा ग्रामसभेपुढे आहे. तीनदा बसलो, अजून ठरलेलं नाही. म्हातारी मला शेजारी बसवून घेते आणि पोरांना सांगते, "नवी हाये बिचारी, शिकून राह्यली."

तिच्या शेजारी बसणं मला जड जातं. तुम्हाला हे पत्र पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. गावात हे बोलायची माझी हिंमत नाही. मला पद्धत ठाऊक होती, बाई. ती उठली, तेव्हाच तिचं 'नाही' मला कळलं होतं. पण माझी परतीची, पाचची शेवटची जीप मोठ्या रस्त्यावर हॉर्न देत होती.