डाव्या हाताचा तास

ता. ८ जुलै

ती. मामास सा. न. वि. वि.

नमस्कार पोचला की आधी हसून घे, कारण बातमी हसण्याचीच आहे. आमच्या चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि दुसरीचे चित्रकलेचे तास माझ्या गळ्यात पडले. मी गणिताची. लहानपणी माझी गाय बघून, टेबलाला शेपूट कशाला, असं तू विचारलं होतंस. गाय अजून तशीच आहे.

पहिल्या तासाला फळ्यावर घर काढलं. दोन खिडक्या, धुराडं, वर धूर. अर्ध्या तासात तेहतीस घरं परत आली, सगळ्यांचा धूर उजवीकडे. चौतिसावा कागद एका मुलीचा. वर्ग तिला खोडरबर म्हणतो. काढते, खोडते, पुन्हा काढते, पुन्हा खोडते. शेवटी तिने मला कागदाला पडलेलं भोक आणून दिलं. म्हणाली, फळ्यावरच्यासारखं येत नाही. आता चित्रकलेचा तास आला की तिचं पोट दुखतं.

सप्टेंबरात पालकांसाठी प्रदर्शन आहे. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चित्रं बघण्यासारखी हवीत असं बजावलंय. तू चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, काहीतरी सुचव. मामीला नमस्कार. लोभात रंगासारखं पाणी घालू नकोस.

तुझी
ठमी

ता. १७ जुलै

चि. ठमीस अ. उ. आ.

आशीर्वाद माझे, अक्षर मामीचं. चष्मा दुरुस्तीला दिलाय.

आधी फळा पूस. मुलं तुझं घर काढताहेत, आणि तुझं घर कसं असणार ते मला ठाऊक आहे. खोडरबरं गोळा करून कपाटात ठेव. मग प्रत्येकाला आपला एक बूट काढून बाकावर ठेवायला सांग. आता गंमत ऐक. लिहायचा हात मांडीखाली घालायचा आणि दुसऱ्या हाताने काढायचं. त्या हाताला काही शिकवलेलं नसतं, त्यामुळे हुशार आणि ढ एका रांगेत येतात. बुटाकडे जास्त बघायचं, कागदाकडे कमी. रेघ वाकडी जाईल, पण बघून जाईल.

कळव कसं झालं ते. माया आहेच, ती मागायला लागत नाही.

मामा

ता. क. मी मामी. मोठ्या बाईंविषयी मध्येच जे बोलले ते मी गाळलंय.

ता. २ ऑगस्ट

ती. मामास सा. न. वि. वि.

चौतीस बूट एका खोलीत निघाले की काय वास सुटतो, याची सूचना तुझ्या पत्रात नव्हती. पहिली दहा मिनिटं नुसता खिदळण्याचा तास झाला. मग हळूहळू वर्ग गप्प झाला. जिभा बाहेर काढून काम चाललं होतं. मोजणीची सवय म्हणून मोजलं, चौतीसच्या चौतीस कागद भरले. खोडरबर मधल्या सुट्टीतही उठली नाही. तिच्या बुटाचा तळ पुढून उघडलाय, तो तिने अगदी टाक्यासकट काढला. पोट दुखल्याचं बोलली नाही.

मोठ्या बाई मात्र आल्या, बघितलं आणि विचारलं की वर्गात भूकंप झाला होता का. हीच चित्रं लावायची म्हणून मी हटून बसले, तेव्हा मागच्या व्हरांड्यातली भिंत दिली. एकाही पालकाची तक्रार आली तर चित्रं उतरतील आणि फळ्यावर पुन्हा घर येईल, असं ठरलंय.

आता तूच वाचव. प्रदर्शनाची पाटी तू रंगवायला ये. तुझं अक्षर बघितलं की बाईंचं तोंड बंद होईल. येशील ना?

उत्तराची आणि तुझी वाट बघणारी
ठमी

ता. ११ ऑगस्ट

चि. ठमीस अ. आ.

हे पत्र त्यांच्या नकळत लिहितेय, तेव्हा उत्तरात याचा उल्लेख नको. चष्मा घरातच आहे. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हात पूर्वीसारखा व्हायचा नाही. तेव्हापासून आलेली कामं परत पाठवतात आणि डोळ्यांचं कारण सांगतात. दुपारी दार लोटून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर डाव्या हाताने अक्षरं गिरवतात आणि कागदाचे बोळे करून टाकतात. मी बोळे उलगडून बघते. 'क' आता बरा येतो.

तुझं पत्र वाचून दाखवलं. पाटीचा विषय आला तसे उठून गेले. थोड्या वेळाने आले आणि त्या मुलीचा भाग पुन्हा वाचायला लावला, दोनदा. येतील का, सांगवत नाही. आग्रह करू नकोस, पण बोलावणं मागेही घेऊ नकोस.

तुझी
मामी

ता. २० ऑगस्ट

चि. ठमीस आ.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे, म्हणून थोडक्यात. उजवा हात ऐकत नाही. तुला सांगायची लाज वाटली. येतो. पाटी घरून रंगवून आणणार नाही, वर्गात मुलांसमोर रंगवीन. बिघडली तर बिघडली. फळी आणि बसायला स्टूल ठेव. रंग मी आणतो.

मामा

ता. १५ सप्टेंबर

ती. मामीस सा. न. वि. वि.

मामा आज संध्याकाळच्या एसटीने निघाला. तो पत्राआधी पोचेल, पण चार शब्दांत उरकेल, म्हणून मी सविस्तर लिहिते.

त्याने मुलांना सरळ सांगितलं की माझा उजवा हात आजारी आहे आणि डावा अजून पहिलीत आहे. दुसरीतल्यांनी लगेच मोठेपणा घेतला आणि त्याला सांभाळून घ्यायचं ठरवलं. 'दुसरीचे बूट', एवढी सहा अक्षरं लिहायला दीड तास लागला. 'बू' खाली घसरला. मामाचा चेहरा उतरला, त्याने पुसायला फडकं उचललं. तेवढ्यात खोडरबर म्हणाली की राहू द्या, नाडी सुटली असेल त्याची. मामाने तिच्याकडे बघितलं, फडकं ठेवलं आणि त्या ऊकाराला खरोखर नाडीची गाठ काढून दिली.

गडबडीत चित्रांवर नावं घालायला मी विसरले. सगळ्यांचे बूट काळे, एकाच नमुन्याचे. कोणतं कुणाचं, मलाही सांगता येईना. पण पालक आले आणि आपापल्या मुलाच्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले. एका वडिलांनी एका बाजूने झिजलेल्या टाचेवरून ओळखलं, म्हणाले, लेक तशीच चालते. खोडरबरची आई उघड्या तळाच्या बुटासमोर बराच वेळ उभी होती. रोज पॉलिश करते मी, पण हे मला दिसलंच नाही, असं काहीसं पुटपुटली. मग लेकीला जवळ घेऊन विचारलं की आधी का बोलली नाहीस. लेकीचं सगळं लक्ष चित्रात. यातलं काही खोडलेलं नाही, हेच ती आईला सांगत होती.

तक्रार एकही नाही. मोठ्या बाई भिंतीपाशी दोन फेऱ्या मारून आल्या, पाटी वाकडी आहे म्हणाल्या, आणि शिपायाकडून ती पुढच्या दारावर लावून घेतली. मग मामाला विचारलं की चित्रकलेच्या बाई येईपर्यंत दर शुक्रवारी तास घ्याल का. मामा हो म्हणाला. तेव्हा गुरुवारी रात्री त्याची पिशवी भरून ठेवत जा.

निघताना मुलं फाटकापर्यंत आली, एसटी समोरच थांबते. आल्यापासून मामाने उजवा हात खिशातच ठेवला होता. गाडी सुटली तसा त्याने तो बाहेर काढला आणि खिडकीतून वर केला. तो थरथरत होता, पण लांबून निरोपाचाच वाटत होता. मुलं कितीतरी वेळ हात हलवत राहिली.

प्रेम आहे तसंच असू दे, थोडं जास्त झालं तरी चालेल.

तुझी
ठमी