दोन्ही दिशांनी पेरलेलं

४ सप्टेंबर

आज सामान लागलं. घर कोरं आहे, भिंतींना अजून रंगाचा वास येतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळभर ऊन असतं. लग्नापासून आम्ही डेटन शहरात दुसऱ्या मजल्यावर राहिलो. पायाखाली स्वतःची जमीन आणि तिच्यावर हिरवं लॉन, एवढी एकच व्हर्ननची हौस होती. हे घर ठरवलं तेव्हा तो होता. आता त्याची राख पितळी कलशात आहे. कलश हातात घेऊन मी त्याला सगळ्या खोल्या दाखवल्या. मागचं अंगण मात्र बिल्डरने नुसती पिवळी माती ठेवून सोडलं आहे.

दुपारी शेजारचे डुएन हॉस्टेटलर आले. त्यांच्या बायकोने, लोरेनने, नूडल्स आणि ट्यूना भाजून भांडंभर पाठवलं होतं. अंगण बघून डुएननी तोंड वाकडं केलं. म्हणाले, "आमच्याकडे माणूस आडनावावरून नाही, लॉनवरून ओळखतात. सध्या तुम्ही चिखल आहात, नॅडीन." मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

९ सप्टेंबर

हे दिवस मातीत गेले. दगड वेचले, दाताळ्याने ढेकळं फोडली, उंचवटे सारखे केले. तयार गवताच्या गुंडाळ्या आणून अंथरल्या तर, असं मी सहज विचारलं. डुएन म्हणाले, मग थँक्सगिव्हिंगची टर्कीही शिजवलेली आणा दुकानातून. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

गवताचं बी फार बारीक असतं. नुसतं टाकलं तर एका जागी पडतं, म्हणून त्यात कोरडी वाळू कालवतात. मग निम्मं उभं पेरायचं आणि निम्मं आडवं, म्हणजे कुठे दाट, कुठे विरळ होत नाही. आज वाळू आणायला गेले होते. न घेताच परत आले.

११ सप्टेंबर

आज पेरलं. वाळूऐवजी व्हर्नन.

बादलीत बी आणि राख कालवताना हात कोपरापर्यंत पांढरे झाले. पेरायची ढकलगाडी डुएनची. ती ढकलत आधी उभी फिरले, मग आडवी. आता तो अंगणात सगळीकडे सारखा आहे. वरून गव्हाचा पेंढा पसरला, फवारा लावला. कुंपणापलीकडून डुएननी विचारलं, चुना टाकलात का. मी हो म्हटलं. बरं केलंत, म्हणाले, इथली माती आंबट आहे.

कलश धुऊन पालथा घातला. आज जेवण गेलं.

२० सप्टेंबर

कोंब आले. केसांसारखे, उन्हाच्या बाजूने पाहिलं तरच दिसतात. सकाळी कॉफी घेऊन मागच्या पायरीवर बसते. आज त्याच्याशी मोठ्याने बोलले, आणि डुएननी ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "बोला हो. मी माझ्या टोमॅटोंना रोज शिव्या घालतो."

खिडकीखालची एक जागा मात्र फार पुढे गेली आहे. तिथे गवत दाट आणि काळपट आहे, बाकी अंगण तुरळक. दोन्ही दिशांनी पेरल्यावर असं व्हायला नको.

२९ सप्टेंबर

पेंढा उचलला. त्या जागेला आकार आहे. कुशीवर निजलेलं माणूस, गुडघे पोटाशी, तोंड घराकडे.

भीती वाटली नाही. दवाने सगळं अंगण ओलं होतं आणि ती जागा कोरडी होती. हात ठेवला तर उबदार. शेजारी बसून मी त्याला सगळं सांगत राहिले. लोरेनच्या गुडघ्याचं, गळणाऱ्या नळाचं. टोलेडोहून माझ्या बहिणीचा, बर्नीसचा, फोन आला होता तेही. एकटी कशी राहतेस, असं ती म्हणाली. मी तिला सांगितलं, एकटी कुठे आहे.

५ ऑक्टोबर

चर्चमधून आले तर आमच्या अंगणात डुएन, गवत कापायचं मशीन घेऊन. इथे विचारायची पद्धत नाही. शेजारीण एकटी असली की पहिली कापणी शेजाऱ्याने करून द्यायची आणि तिने केक पाठवायचा. त्यांचा काय दोष.

पण ते पायरीवर बसले होते आणि मशीन तसंच अंगणात सोडलं होतं. बाकी सगळं कापलं गेलं, ती जागा नाही. म्हणाले, पात्याखाली ते गवत आडवं झालं आणि मशीन पुढे गेल्यावर उठून बसलं. मी पाणी दिलं. मग त्यांनी विचारलं, घरात कोणी आहे का. मशीनच्या आवाजाखालून, म्हणाले, कोणीतरी बोलत होतं, सावकाश, पाठ केल्यासारखं: बर्नीसचा फोन आला होता. नळ गळतो. एकटी कुठे आहे.

आवाज बाईचा होता, म्हणाले. तुमचा.

केक केला नाही.

८ ऑक्टोबर

व्हर्ननची पाठ दुखायची. तो कधी कुशीवर निजला नाही, उताणाच निजायचा. आणि उंचीने माझ्या खांद्याइतकाच होता. लग्नात सगळे चिडवत होते.

हे निजलेलं पायरीपासून कुंपणापर्यंत लांब आहे.

मी इतके दिवस कोणाशी बोलत होते?

१२ ऑक्टोबर

त्या आकाराच्या शेजारी एक पट्टा उघडाच राहिला आहे. काही उगवत नाही. डुएननी काल तिथे पुन्हा बी टाकलं, तेही लांबून फेकून, आणि दाताळ्याने पसरलं. आज सगळं बी पट्ट्याच्या कडेला सारलेलं होतं. माती मऊ, चाळल्यासारखी. मी पायरीवरून पाहिलं. लांबी माझ्याएवढी.

१४ ऑक्टोबर

गुडघे आता पोटाशी नाहीत. एक हात पट्ट्यावर आला आहे. काल नव्हता.

मी बोलणं बंद केलं आहे. घरातही बोलत नाही. फार शांत आहे.

१५ ऑक्टोबर

डुएनकडून फोन करून बर्नीसला येते म्हणून कळवलं. माझा आवाज ऐकून ती रडली. मला बरं वाटलं, कोणाचा तरी खरा आवाज.

पण व्हर्नन. त्याला मीच यात कालवलं. उभा आणि आडवा, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. वेचायचा कुठून? याच्याजवळ त्याला टाकून कशी जाऊ —

डुएनना शेवटी राखेचं सांगितलं. म्हणाले, मातीच न्या थोडी. जिथून घ्याल तिथे तो असेलच.

हे खरं आहे.

१६ ऑक्टोबर

बॅगा डुएनच्या गाडीत. ते कुंपणाशी उभे आहेत, मी सांगितलं म्हणून आत आले नाहीत. लख्ख ऊन आहे.

बाकी अंगणात मुळांनी माती धरून ठेवली आहे, कुदळ शिरत नाही. उकरता येते ती फक्त पट्ट्यात —

एकच बादली.

त्याच दिवशी, अंगणात

अर्धी भरली. बसले आहे, दम लागला. डुएन विचारतात काय लिहिताय, निघा. निघते. माती गरम आहे. त्यात पांढरे कण दिसतात, व्हर्ननचे, अगदी वेगळे दिसतात, मूठभर तरी —

डुएनना माझ्या आवाजात हाक गेली. त्यांनी पाहिलं माझ्याकडे. मग माझ्या पायाखालच्या मातीकडे. हाक मी मारलीच नव्हती —

पट्ट्यात गवत नव्हतं. मघाशी बसले तेव्हाही नव्हतं. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंनी आलं आहे, मऊ, उभं आणि आडवं, मनगटावरून, हात सुटत नाही —

व्हर्नन, तुझी बादली तरी डुएनकडे —