बाबांची दंडार

१८ ऑक्टोबर, शनिवार. सिहोरा

मिशी आहे तशीच! दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर बघत होतो. वाटलं, मंडईपुरती, दिवाळीनंतरच्या जत्रेपुरती, काढत असतील. मंडई सहा दिवसांवर आली अन् बाबा मिशीवर हात फिरवत खाटेवर बसलेत. दंडारीत, मंडईतल्या नाचगाण्याच्या खेळात, बाईचं काम करणारा माणूस मिशी ठेवत नाही. लहानपणापासून बाबांचा ओठ सफाचट बघितला. त्याचीच लाज वाटायची मला!

जर्मनीहून आलो तो ह्याच्यासाठीच. बाबांना मंडईत लुगडं नेसून नाचताना बघायचं. अख्खी दंडार मोबाईलात घ्यायची. पीएचडीच्या गाईडच्या हातापाया पडून सुट्टी मिळवली.

आईला विचारलं, बाबा यंदा दंडारीत उभे राहणार ना? "तूच इचार बापा. मी कायले मधात पडू?"

१९ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो.

दोन वर्षांपूर्वी, जायच्या आदल्या दिवशी, मी बाबांना म्हटलं, "आता लुगडं सोडा. पोरगा परदेशात अन् बाप बाई होऊन नाचून राहिला. लोकं हसतात." बाबा जाळ्याची गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं." बस. एक शिवी तरी द्यायची होती!

तुमसरच्या कॉलेजात पोट्टे मला 'लिलाबाईचा मिथुन' म्हणायचे. बाबांचं नाव लिलाधर, त्याची लिलाबाई. मंडईच्या दिवशी मी दरसाल चिखल्याला मामाकडे पळायचो. बाबांना नाचताना मी एकदाही पाहिलेलं नाही. एकदाही नाही.

२० ऑक्टोबर

तिकडची गोष्ट. गेल्या डिसेंबरात होस्टेलवर कार्यक्रम होता, प्रत्येकाने आपल्या गावचं काहीतरी दाखवायचं. पेरू देशाच्या पोरीने तिच्या आजीचं विणकाम आणलं होतं. माझ्याकडे काय? सिनेमाचं गाणं लावणार होतो. मग गावच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला मंडईच्या व्हिडिओचा तुकडा सापडला. तीन मिनिटं. तोंडाला पांढरा रंग, डोक्यावर पदर, आईचं हिरवं लुगडं. ढोलकी चढत जाते अन् तो पाय असा काही पडतो की बाप रे! म्हटलं, बघा, ऐकलं नाहीच शेवटी बाबांनी. अन् पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

लावला. कोणी हसलं नाही, उलट टाळ्या थांबेनात. एका म्हाताऱ्या मास्तरने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझे वडील. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं मी ते! नंतर बाथरूममध्ये जाऊन रडलो. रात्रभर नळासारखा वाहत होतो, अन् त्यातही छाती फुगलेली.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. बाबांनी विचारलं, "तिकडं दिवे लावतेत काय?" मी म्हटलं, लावतो आम्ही दोघं-चौघं. दिवसभरात एवढंच बोलणं.

२२ ऑक्टोबर

पहाटे बाबांसोबत तलावावर. बोलायचंच ठरवलं होतं.

"बाबा, यंदा दंडारीत उभे राहा."

"गुडघे गेले गा आता."

अन् दुसऱ्या मिनिटाला कमरेएवढ्या पाण्यात उतरून गाळातून जाळं ओढून राहिले! गुडघे गेलेला माणूस!

मी काठावरूनच म्हटलं, "माझं चुकलं बाबा. तेव्हा मी भलतंच बोललो." जाळ्यात मोठी मरळ आली होती. ती सोडवता सोडवता म्हणाले, "हव. थैली धर नीट, मरळ उडून जाईन." माफ केलं की नाही, काही समजलं नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आज मेलो असतो तर बरं झालं असतं.

केवळरामकाका आले होते. बाबांच्या दंडारीतले, जुने जोडीदार. मोठ्या फुशारकीने आईला अन् त्यांना तो व्हिडिओ दाखवला. म्हटलं, बघा, जर्मनीत ह्याच्यावर टाळ्या पडल्या.

आईने मोबाईल जवळ नेला, दूर नेला. मग हळूच म्हणाली, "हे तुझे बाबा नोहोत रे. हा केवळराम आहे."

मी काकांकडे बघितलं. मग आईनेच सांगितलं. माझ्या बोलण्यानंतर बाबा उभेच राहिले नाहीत. आईचं लुगडं अन् घुंगरं काकांच्या घरी नेऊन दिली होती. मी लुगडं ओळखलं, बाप नाही ओळखला. दीडशे लोकांसमोर दुसऱ्याच माणसाला बाप म्हणालो!

"तिकडच्यायनं टाळ्या वाजवल्या तवा तुले बाप आठवला काय बे?" काका म्हणाले. "अन् तोई भलताच!" म्हणता म्हणता त्यांचेच डोळे भरले.

बाबांचा एकही व्हिडिओ कोणाजवळ नाही. चार घरी जाऊन विचारून आलो.

२४ ऑक्टोबर

मंडई. पाळणे, जिलेबीची दुकानं, सगळ्या गावच्या लेकी माहेरी आलेल्या. दुपारी दंडार सुरू झाली. काका नाचले. बाबा माझ्या बाजूला खाली बसले होते. ढोलकी चढली तसा त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला. मी बघतोय हे दिसलं अन् त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतला.

शेवटी काकांनी समोर येऊन हात धरला, "ऊठ लिलाधर, एक फेरा." लोकंही ओरडले. मीही म्हटलं, उठा ना बाबा! बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं अन् हात सोडवून घेतला. मग "मच्छीवाला वाट पाहत असंन" म्हणून गर्दीतून निघून गेले.

सणाच्या दिवशी मच्छी घ्यायला येणारा कोणता मच्छीवाला!

२७ ऑक्टोबर

बॅग भरली. मोबाईलात बाबांचे फक्त जेवतानाचे फोटो.

२८ ऑक्टोबर. दोहा, विमानतळ

सकाळी नागपूरहून निघालो. पुढच्या विमानाला पाच तास आहेत. आत्ता आईचा फोन आला. मागे ढोलकी वाजत होती, तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"आंबागडची मंडई आहे रे आज. तुझे बाबा उभे राहिले! घंटाभर झाला, लोकं उठूनच नाई राहिले. तुले सांगू नोको म्हणत होते, पन मले राहावलं नाई."

मी विचारलं, मग मी होतो तेव्हा काहून नाही नाचले?

ढोलकीचा आवाज दूर गेला; आई बाजूला आली असावी.

"मी पन तेच इचारलं. म्हणे, पोरासमोर लाज वाटते."