आईच्या सलाइनचं चाक

ता. १४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. इकडे सगळे बरे आहेत. धाकटीची परीक्षा झाली. तुझे गुडघे काय म्हणतात?

आई गेल्यापासून चार महिने मी तुझा फोन उचलला नाही. कामाचं निमित्त निरोपातून कळवत राहिलो. खरं म्हणजे काम कमीच होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून मी स्वतःच ऑफिसात बदली मागून घेतली. व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावायचा धीर होत नव्हता.

शेवटच्या दुपारी आईजवळ मी एकटाच होतो. तोंडाने पाणी द्यायची बंदी होती. सलाइन एका यंत्रातून जायचं. रक्तदाब, लघवी बघून किती सोडायचं ते यंत्रच ठरवायचं. आईचे ओठ सुकलेले. मी ओला कापूस फिरवत होतो, तर म्हणाली, "साऱ्या गावाला पाणी सोडतोस, आणि आईला घोटभर नाही होय रे?"

नळीवर एक लहानसं चाक होतं. वीस वर्षांची सवय. कोणी बघत नाही असं पाहून मी ते उघडलं.

संध्याकाळी तिला धाप लागली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी झालंय. दिवे लागायच्या आत गेली. आणि त्या रात्री तू फोनवर म्हणालीस, "तू जवळ होतास, म्हणून मी निर्धास्त होते." त्यानंतर तुझ्याशी काय बोलणार होतो?

परवा तिचे कागद आणायला दवाखान्यात गेलो. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी ओळखलं, बसवलं. कसं कोण जाणे, तोंडून सगळं निघून गेलं. त्या आधी हसल्याच.

"अहो दादा, पाणी त्या यंत्रातला पंप सोडतो. चाक कितीही उघडा, थेंब वाढायचा नाही. तुमच्यासारखे नातेवाईक असतात म्हणूनच तर बसवलाय तो!"

मला खरं वाटेना. त्यांनी त्या दुपारची यंत्राची नोंद काढून समोर ठेवली. असल्या नोंदी वाचणं माझं रोजचं काम. अडीचलाच यंत्राने पाणी निम्म्यावर आणलं होतं. मी चाक फिरवलं ते चारच्या भोंग्याला. तिथे रेघ सपाट. जराही हललेली नाही.

"आजींचं हृदयच थकलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "आहे तेवढंही त्याला पेलत नव्हतं."

निघताना दारापर्यंत आल्या. "कापूस फिरवत होतात ना? तुमच्या हातचं तेवढंच पाणी मिळालं त्यांना."

बाहेर बाकावर बसून रडलो, ताई. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग सडकून भूक लागली.

सोमवारपासून परत पंपघरात जातोय. रविवारी फोन कर. पहिल्या घंटेला उचलेन.

आईजवळ होता तो,
तुझा धाकटा